आदिवासींचा भूमिहक्क आणि पर्यटनविकास : कॅनडातील काटमुक दरीचा अनुभव

डोंगराळ प्रदेशाच्या विकासाचा विचार सुरू झाला की पर्यटनाचे नाव हमखास पुढे येते. खाणीमुळे डोंगर पोखरला जातो, कारखान्यामुळे नदी दूषित होते. पर्यटनामुळे मात्र निसर्गाला फारसा धक्का न लागता स्थानिकांच्या हाताला काम मिळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत सर्वस्वी चुकीची नाही. परंतु जी भूमी बाहेरून येणाऱ्यास रिकामी व रमणीय वाटते, तीच भूमी एखाद्या समाजाने पिढ्यान् पिढ्या पवित्र मानून जपलेली असेल, तर तेथे विश्रामनगर उभारण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा? तो समाज त्या भूमीवर घरे बांधून राहत नसेल, शेती करीत नसेल, तर त्याचा हक्क कोणत्या स्वरूपाचा समजावयाचा?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हा प्रश्न १९९१ ते २०२० अशी जवळजवळ तीस वर्षे धगधगत राहिला. प्रांतिक शासन, उद्योजक, पर्यावरणप्रेमी नागरिक, आदिवासी समाज आणि देशाचे सर्वोच्च न्यायालय या सर्वांचा त्यात संबंध आला. या प्रकरणाचा शेवट जसा लक्षणीय आहे, तसाच त्या शेवटापर्यंतचा मार्गही अभ्यासण्याजोगा आहे.

दरी आणि तिचे लोक

ब्रिटिश कोलंबियाच्या आग्नेय भागात पर्सेल नावाची पर्वतरांग आहे. तिच्या पूर्वेस कोलंबिया नदीचे खोरे असून त्या खोऱ्यात इन्व्हरमीअर हे लहानसे गाव वसलेले आहे. या गावापासून पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर जंबो नावाची दरी लागते. दरीच्या माथ्यावर हिमनद्या आहेत. उतारांवर सूचिपर्णी वृक्षांची अरण्ये आणि त्यांच्यावर उंच गवताची कुरणे आहेत. दरीच्या दक्षिणेस १९७४ साली संरक्षित करण्यात आलेले पर्सेल अरण्यक्षेत्र पसरलेले आहे.

हा प्रदेश ग्रिझली जातीच्या अस्वलांचा आहे. या अस्वलाची वाढ मंद गतीने होते. मादीला पहिली पिले साधारणपणे पाच-सहा वर्षांनंतर होतात आणि दोन वेतांमध्ये तीन वर्षांच्या आसपास अंतर असते. त्यामुळे थोडी अस्वले दगावली, तरी संख्या पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लागतो. शिवाय माद्या वस्ती आणि वर्दळीचे रस्ते सहसा ओलांडत नाहीत. दरीच्या मध्यावर गाव वसले, तर अस्वलांच्या संचाराची वाट तुटते आणि त्यांचे कळप नव्हेत, तरी त्यांचे प्रदेश एकमेकांपासून अलग पडतात. पर्सेल रांगेतील अस्वलांचा दक्षिणेकडील, अमेरिकेच्या सरहद्दीलगतच्या अस्वलांशी संबंध टिकून राहणे म्हणूनच महत्त्वाचे मानले जाते.

याच प्रदेशात क्टुनाहा लोकांचे अतिप्राचीन काळापासून वास्तव्य आहे. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख कूटनी असा आढळतो. त्यांची भाषा जगातील कोणत्याही अन्य भाषेशी नाते सिद्ध न झालेली, एकाकी भाषा आहे. त्यांचा परंपरागत प्रदेश ब्रिटिश कोलंबियात सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर असून त्याखेरीज त्याचा काही भाग आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोडतो. गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात हा मुलूख व्यापला, तेव्हा ब्रिटिश कोलंबियातील क्टुनाहांशी कोणताही भूमितह करण्यात आला नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतांश भागाची हीच स्थिती आहे. जमीन शासनाच्या नावे नोंदली गेली आणि मूळ रहिवाशांना लहान लहान राखीव तुकड्यांवर मर्यादित करण्यात आले. भूमीवरचा आपला हक्क आपण कधी कोणास दिलेलाच नाही, ही क्टुनाहांची भूमिका या इतिहासातून आलेली आहे.

क्टुनाहा लोक या दरीच्या वरच्या भागाला काटमुक म्हणतात. त्यांच्या श्रद्धेनुसार ग्रिझली अस्वलाचे चैतन्य येथे जन्मास आले. जखमा भरून काढण्यासाठी ते येथे येते आणि येथूनच आत्मिक जगात परत जाते. मार्गदर्शन, सामर्थ्य आणि संरक्षण यांचा हा उगम होय, असे ते मानतात. येथे मंदिर नाही, मूर्ती नाही, कुंपणही नाही. संपूर्ण स्थळच पवित्र मानलेले आहे. पुढील सर्व वादाचे मर्म या एका गोष्टीत सामावलेले आहे.

प्रकल्पाची रूपरेषा

१९९१ साली ओबेर्तो ओबेर्ती या वास्तुरचनाकाराच्या पुढाकाराने या दरीत बारमाही विश्रामनगर उभारण्याचा प्रस्ताव प्रांतिक शासनापुढे आला. पुढे ग्लेशियर रिसॉर्ट्स या कंपनीने तो चालविला. बर्फाच्या उतारावरून पायांस लांब फळ्या बांधून घसरण्याचा स्कीइंग हा खेळ पाश्चात्त्य देशांत अतिशय लोकप्रिय आहे. परंतु बहुतेक ठिकाणी तो हिवाळ्यापुरताच खेळता येतो. जंबो दरीच्या माथ्यावरील हिमनद्या उन्हाळ्यातही टिकतात. रज्जुमार्गाने पर्यटकांना सुमारे ३,४०० मीटर उंचीपर्यंत नेल्यास वर्षभर हा खेळ चालू ठेवता येईल, अशी ही कल्पना होती.

योजनेच्या अंतिम आराखड्यात वीसपेक्षा अधिक रज्जुमार्ग आणि सुमारे ६,२५० खाटांची सोय असलेले नगर दाखविण्यात आले होते. त्यांपैकी बहुतेक खाटा पर्यटकांसाठी आणि उरलेल्या कर्मचाऱ्यांसाठी होत्या. कोट्यवधी डॉलरांची गुंतवणूक आणि कायम स्वरूपाचे रोजगार ही योजनेची आकर्षणे होती. लाकूडतोड आणि खाणकाम यांवर अवलंबून असलेल्या डोंगराळ भागास ती साहजिकच मोलाची वाटली.

प्रवर्तकांची बाजूही येथे समजून घेतली पाहिजे. ही दरी पूर्णतः अस्पर्शित नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेथे पूर्वी वृक्षतोड झालेली होती, खाणींचे शोधही घेतले गेले होते आणि नगराचा मुख्य भाग ज्या जागी नियोजित होता, तेथे एके काळी लाकडाची गिरणी होती. हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते. त्यावर विरोधकांचे उत्तर असे की, गिरणी बंद पडली, रान पुन्हा वाढले आणि अस्वले परतली. काही हजार माणसांचे कायमचे नगर उभे राहिल्यावर असे परतणे शक्य होणार नाही. तात्पुरता उपद्रव आणि कायमची वसाहत यांतील हा भेद क्टुनाहांच्या युक्तिवादातही पुढे मध्यवर्ती ठरला.

सल्लामसलतीची दीर्घ प्रक्रिया

प्रस्तावावर पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन करण्याचे काम १९९५ पासून सुरू झाले. ते जवळजवळ दहा वर्षे चालले. ऑक्टोबर २००४ मध्ये प्रांतिक शासनाने अनेक अटींसह पर्यावरण दाखला दिला. या काळात नागरिकांकडून आलेल्या लेखी अभिप्रायांत विरोधाचा सूर प्रबळ होता. कोलंबिया आणि कूटनी खोऱ्यांतील गावांत घरांवर व मोटारींवर दरी रानटी अवस्थेतच राहू द्यावी, अशा अर्थाच्या पट्ट्या झळकू लागल्या. हिमशिखरांवर जाणारे गिर्यारोहक, शिकारी, वनस्पती व प्राण्यांचे अभ्यासक आणि साधे गावकरी या विरोधात एकत्र आले होते.

त्याच वर्षी, २००४ मध्ये, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हायडा जमातीच्या खटल्यात एक महत्त्वाचा दंडक घालून दिला. आदिवासींचा भूमिहक्क न्यायालयात सिद्ध व्हावयाचा असला, तरी त्या हक्कास बाधा आणू शकणारा निर्णय घेण्यापूर्वी शासनाने त्यांच्याशी प्रामाणिक सल्लामसलत केली पाहिजे आणि आवश्यक तेथे योजनेत फेरबदल केले पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. या दंडकाचा आधार १९८२ च्या राज्यघटना अधिनियमातील कलम ३५ हा होता. या कलमाने आदिवासींचे विद्यमान हक्क मान्य केलेले आहेत.

शासनाने ही सल्लामसलत केली नाही, असे म्हणता येणार नाही. क्टुनाहा आणि शेजारचा शुस्वाप समाज या दोघांशीही बैठका झाल्या. त्यांच्या हरकतींनुसार प्रकल्पाच्या मनोरंजन क्षेत्रात सुमारे ६० टक्के घट करण्यात आली. अस्वलांना जेथे अधिक उपद्रव होईल असे वाटत होते, तेथील रज्जुमार्ग वगळण्यात आले. या फेरबदलांनंतर शुस्वाप समाजाने आपले समाधान झाल्याचे कळविले. आदिवासी समाजांत एकाच प्रश्नावर भिन्न मते असू शकतात, हेही यातून ध्यानात येते.

क्टुनाहांचे समाधान मात्र झाले नाही. फेरबदल क्षेत्रफळाचे होते, तर त्यांची हरकत मुळात वसाहतीलाच होती. २००९ च्या सुमारास त्यांनी स्पष्ट केले की, काटमुक येथे कायमची मनुष्यवस्ती झाल्यास अस्वलाचे चैतन्य तेथून निघून जाईल. मग त्याच्याशी निगडित विधी, प्रार्थना व स्वप्नदर्शन यांना काही अर्थ उरणार नाही. म्हणून वसाहत लहान करणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नव्हता. इतक्या उशिरा ही भूमिका का मांडण्यात आली, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. त्यांचे उत्तर असे होते की, पवित्र स्थळाविषयीचे ज्ञान काही मोजक्या वडीलधाऱ्यांकडेच असते आणि ते परक्यांपुढे उघड करावयाचे नसते. ज्या समाजाची गुप्तता हाच त्याच्या धर्माचा भाग आहे, त्याला शासकीय प्रश्नावलीत वेळेवर उत्तर भरता येत नाही, ही अडचण या प्रकरणात ठळकपणे दिसून आली.

काटमुकची घोषणा

१५ नोव्हेंबर २०१० रोजी क्टुनाहा राष्ट्राने काटमुक जाहीरनामा प्रसिद्ध केला. ज्या गोष्टी आजवर समाजाच्या अंतर्वर्तुळात राहिल्या होत्या, त्या त्यांनी जगापुढे ठेवल्या. जंबो दरीच्या वरच्या भागात आश्रयक्षेत्र आणि त्याभोवती संरक्षक पट्टा अशी विभागणी त्यात करण्यात आली. आश्रयक्षेत्रात जमिनीचे उत्खनन, कायमचे बांधकाम किंवा कायमचे वास्तव्य होऊ नये, असे त्यात म्हटले होते.

क्टुनाहांचा विरोध पर्यटनाला होता, असा समज करून घेणे मात्र चुकीचे ठरेल. क्रॅनब्रुक या शहराजवळ सेंट युजीन मिशन नावाची इमारत आहे. १९१२ ते १९७० या काळात ती आदिवासी मुलांची निवासी शाळा होती. मुलांना घरांपासून तोडून, त्यांची भाषा बोलण्यास मज्जाव करणाऱ्या ज्या शाळा कॅनडात चालविल्या गेल्या, त्यांपैकीच ही एक होय. पुढे त्या समाजाने हीच इमारत पाडून न टाकता तिचे हॉटेलात रूपांतर केले आणि परिसरात गोल्फचे मैदान तयार केले. पर्यटकांचे स्वागत करणारा, त्यावर रोजगार उभा करणारा हा समाज आहे. कोठे पर्यटन असावे आणि कोठे असू नये, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे असावा, एवढीच त्यांची मागणी होती.

रहिवाशांवाचून नगरपालिका

जाहीरनाम्यानंतरही शासनाचा कल बदलला नाही. २० मार्च २०१२ रोजी प्रांताच्या वन व नैसर्गिक संपदा मंत्र्यांनी प्रकल्पाच्या मुख्य विकास करारास मान्यता दिली. त्याच वर्षी प्रांतिक विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून रहिवासी नसलेल्या ठिकाणीही पर्वतीय विश्रामनगराची नगरपालिका स्थापन करण्याची तरतूद केली. त्यानुसार २०१३ च्या फेब्रुवारीत जंबो ग्लेशियर माउंटन रिसॉर्ट या नावाची नगरपालिका अस्तित्वात आली. तिला महापौर होते, सदस्य होते. परंतु सारे शासननियुक्त होते. तिच्या हद्दीत एकही रहिवासी नव्हता आणि एकही घर नव्हते.

स्थानिक स्वराज्याचे मूळ लोक हे असते. येथे लोक येण्यापूर्वीच त्यांच्या नावाने स्वराज्यसंस्था स्थापन झाली. आणि ज्या लोकांचे त्या भूमीशी शतकानुशतकांचे नाते होते, त्यांना त्या संस्थेत स्थान नव्हते. प्रकल्पाच्या विरोधकांना जे अनेक वर्षे शब्दांत मांडता आले नव्हते, ते या निर्णयाने सामान्य नागरिकांच्याही सहज ध्यानी आले.

मुदतीचा प्रश्न

यानंतर प्रकरण दोन स्वतंत्र वाटांनी पुढे गेले. एक वाट पर्यावरण दाखल्याच्या मुदतीची, तर दुसरी क्टुनाहांच्या घटनात्मक हक्कांची होती.

ब्रिटिश कोलंबियाच्या तत्कालीन कायद्यानुसार पर्यावरण दाखला पाच वर्षांसाठी असे आणि तो एकदाच, आणखी पाच वर्षांपर्यंत वाढविता येत असे. तेवढ्या काळात प्रकल्पाचे काम भरीव प्रमाणात सुरू झालेले असावे लागे. अन्यथा दाखला रद्द होत असे. २००४ चा दाखला २००९ साली वाढविण्यात आला होता. त्याची अखेरची मुदत ऑक्टोबर २०१४ मध्ये संपत होती. मुदत संपत येताना कंपनीने घाईने काम हाती घेतले आणि दोन इमारतींच्या पायाचे काँक्रीट ओतले. तपासणीत असे आढळले की, ही बांधकामे हिमस्खलनाचा धोका असलेल्या पट्ट्यात आली होती. धोक्याच्या क्षेत्राबाहेरच इमारती बांधाव्यात, अशी तर दाखल्यातील अट होती. जून २०१५ मध्ये पर्यावरणमंत्री मेरी पोलक यांनी काम भरीव प्रमाणात सुरू झालेले नाही, असा निर्णय दिला आणि दाखला संपुष्टात आला.

कंपनीने या निर्णयास आव्हान दिले. २०१८ साली प्रांताच्या कनिष्ठ न्यायालयात तिला यश मिळाले. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने मंत्र्यांचा निर्णय पुन्हा कायम केला.

सर्वोच्च न्यायालयापुढील प्रश्न

दुसऱ्या वाटेने क्टुनाहा राष्ट्र परिषद आणि तिच्या अध्यक्षा कॅथरीन टिनीस न्यायालयात गेल्या होत्या. मंत्र्यांच्या २०१२ च्या मान्यतेने आपल्या धर्मस्वातंत्र्याचा भंग होतो आणि कलम ३५ खालील सल्लामसलतीचे कर्तव्यही पुरेसे पार पाडले गेलेले नाही, असे त्यांचे दोन मुद्दे होते. खालच्या दोन्ही न्यायालयांत त्यांना अपयश आले. २ नोव्हेंबर २०१७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले.

या निकालातील तर्क बारकाईने पाहण्याजोगा आहे. बहुसंख्य न्यायमूर्तींच्या मते हक्कांच्या सनदेतील धर्मस्वातंत्र्याला दोन अंगे आहेत : श्रद्धा बाळगणे आणि ती आचरणात आणणे. या दोहोंस राज्याने अटकाव करू नये. परंतु श्रद्धेचा जो विषय, म्हणजे येथे अस्वलाचे चैतन्य, त्याचे रक्षण करण्याची जबाबदारी सनद राज्यावर टाकीत नाही. सल्लामसलतीबाबत न्यायालयाने म्हटले की, कलम ३५ योग्य प्रक्रियेची हमी देते, विशिष्ट निष्पत्तीची नव्हे. आणि त्या प्रक्रियेत नकाराधिकाराचा समावेश होत नाही.

दोन न्यायमूर्तींनी अपील फेटाळण्यास संमती दिली, परंतु कारणे वेगळी नोंदविली. आदिवासींच्या धर्मात भूमी आणि श्रद्धा वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून स्थळाचे पावित्र्य नष्ट झाले, तर श्रद्धा निरर्थक होते आणि धर्मस्वातंत्र्याचा भंग होतो, असे त्यांनी मान्य केले. तथापि सार्वजनिक जमिनीविषयीचे व्यापक हित लक्षात घेता मंत्र्यांचा निर्णय वाजवी ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ज्या धर्मांची उपासना ग्रंथ, मंदिर किंवा प्रार्थनागृह यांच्या आधारे चालते, त्यांच्या गरजा ध्यानात घेऊन आधुनिक कायद्यातील धर्मस्वातंत्र्याची कल्पना घडलेली आहे. अशा धर्माच्या अनुयायाचे एक प्रार्थनागृह गेले, तरी तो दुसरे बांधू शकतो. परंतु ज्यांच्या दृष्टीने विशिष्ट डोंगर हेच दैवत आहे, त्यांना त्या डोंगराची पर्यायी जागा देता येत नाही. या प्रकरणात श्रद्धा ठेवण्याचे स्वातंत्र्य अबाधित राहिले, पण ज्या भूमीवर ती उभी होती, त्या भूमीचे भवितव्य अन्यत्र ठरणार होते.

हक्कांची सोडवणूक

न्यायालयात हरल्यानंतरही क्टुनाहांनी प्रयत्न सोडले नाहीत. याच सुमारास कॅनडाच्या संघशासनाने निसर्गसंरक्षणाचे नवे धोरण हाती घेतले होते. आदिवासी समाजांनी स्वतः पुढाकार घेऊन, स्वतःच्या परंपरेनुसार ज्यांचा सांभाळ करावयाचा, अशा संरक्षित क्षेत्रांना त्यात साहाय्य मिळू लागले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाने संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कविषयक जाहीरनाम्याला अनुसरून कायदाही संमत केला. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत त्याच जाहीरनाम्याच्या विरोधात कॅनडाने मत दिले होते, हे लक्षात घेतल्यास बारा वर्षांतील हा बदल लहान नव्हता.

१८ जानेवारी २०२० रोजी क्टुनाहा राष्ट्र परिषदेने जाहीर केले की, संघशासन आणि काही खासगी धर्मादाय संस्था यांच्या सुमारे दोन कोटी दहा लाख कॅनेडियन डॉलरांच्या साहाय्याने कंपनीचे दरीतील सर्व विकासहक्क सोडवून घेण्यात आले आहेत आणि काटमुक हे आदिवासींच्या देखरेखीखालील संरक्षित क्षेत्र म्हणून सांभाळण्यात येणार आहे. रहिवाशांवाचून स्थापन झालेली नगरपालिकाही पुढे विसर्जित करण्यात आली. ओतलेले काँक्रीट वगळता नगराचे काहीच उभे राहिले नव्हते.

भारतातील समांतर अनुभव

भारतीय वाचकास या प्रसंगी ओडिशातील नियमगिरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथील प्रश्न पर्यटनाचा नव्हता, बॉक्साइटच्या खाणीचा होता. परंतु डोंगरिया कोंध आदिवासींचा नियमराजा त्या डोंगरावर वसतो, ही श्रद्धा आणि काटमुकची श्रद्धा यांत पुष्कळ साम्य आहे. १८ एप्रिल २०१३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी निर्णय देताना आदिवासींच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. त्यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार होता. त्या वर्षाच्या पावसाळ्यात बारा गावांच्या ग्रामसभा झाल्या आणि बाराही सभांनी खाणीस नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पास अंतिम मंजुरी नाकारली.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास याच कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. तेथे प्रश्न पवित्र डोंगराचा नव्हता, बांबूचा आणि वनाच्या व्यवस्थापनाचा होता. तरीही तत्त्व एकच : जे लोक वनाशेजारी राहतात आणि त्याचा सांभाळ करतात, त्यांच्या सभेस त्या वनाविषयी बोलण्याचा केवळ नव्हे, तर ठरविण्याचा अधिकार असावा.

या अनुभवाचा अर्थ

काटमुकच्या प्रकरणात सल्लामसलत झाली नाही, असे नव्हे. ती वीस वर्षे चालली. तथापि प्रकल्प कसा व्हावा, त्याचे क्षेत्र किती असावे, रज्जुमार्ग कोठून न्यावेत, हेच प्रश्न तिच्यात प्रामुख्याने विचारले गेले. प्रकल्प त्या जागी मुळात व्हावा किंवा कसे, हा प्रश्न ज्यांना विचारावयास हवा होता, त्यांना तो निर्णायक स्वरूपात कधी विचारला गेला नाही. नियमगिरीच्या ग्रामसभांना नेमका हाच प्रश्न विचारण्यात आला आणि एका पावसाळ्यात त्याचे उत्तर मिळाले.

पहिला प्रश्न टाळल्याचे मोल सर्वांनीच दिले. उद्योजकाची वर्षे व पैसा खर्ची पडला. शासनाने दिलेली परवानगी अखेर सार्वजनिक निधीतून सोडवून घ्यावी लागली. स्थानिक रोजगाराची जी आशा दाखविण्यात आली होती, ती तीस वर्षे टांगणीस लागून राहिली. आणि एका लहान समाजाला आपले गुप्त धर्मज्ञान न्यायालयाच्या कागदपत्रांत उघड करावे लागले. हा शेवटचा खर्च डॉलरांत मोजता येत नाही आणि तो परतही मिळत नाही.

डोंगराळ व वनप्रदेशात पर्यटनस्थळे निश्चित करताना रस्ते, पाणी, उंची व हवामान यांची पाहणी अगत्याने केली जाते. त्याच टप्प्यावर, आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी, त्या भूमीशी नाते असलेल्या समाजाची सभा भरवून तिला होकाराचा आणि नकाराचा सारखाच अधिकार दिला, तर पुढचे पुष्कळ कज्जे टळतील. सेंट युजीनच्या उदाहरणावरून दिसते की, असा समाज पर्यटनाला नेहमी नाहीच म्हणतो असे नाही. जेथे तो होय म्हणतो, तेथे त्याचा सहभाग मनापासूनचा असतो. जेथे तो नाही म्हणतो, तेथे त्या नकाराचे कारण समजून घेण्यास पुष्कळदा एका पिढीचा काळ लागतो. आणि तोपर्यंत ती दरी जागेवर राहिलेली असणे आवश्यक असते.